अनुभव धागा: खऱ्या सुखाचा एखादा तास, आणि घरी परतल्यावर

अंत्रुजकर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात देवांची टंचाई नाही. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे, नागेशी; दुचाकी काढली तर न्याहारीआधी सगळी दर्शने उरकतात. रविवारी तर गाडी लावायला जागा मिळत नाही. एवढी माणसे येतात, नवस बोलतात, फेडतात आणि परतीच्या वाटेवर गाडीतच भांडायला लागतात. मीही त्यातलाच.

तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचे चक्क गणित मांडले आहे. माणूस तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट आणि धनधान्याने भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची, हे झाले मानवी आनंदाचे एक माप. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असे चढत चढत इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि शेवटी ब्रह्मानंद. मनुष्यगंधर्वांपासून पुढे प्रत्येक पायरीवर एक पुस्ती मात्र तीच: वेद जाणणारा आणि इच्छेच्या तडाख्यात न सापडलेला जो, त्याचाही आनंद तेवढाच. म्हणजे इंद्र व्हायची गरज नाही, इच्छेचा मार तेवढा चुकवायचा. वाचायला छान आहे. प्रत्यक्षात ते कसे असते?

तसा एखादा तास तुमच्या वाट्याला आला असेल तर लिहा. कुठे, काय करताना, आणि घरी परतल्यावर त्याचे काय झाले. हा शेवटचा भाग गाळू नका, धागा त्यासाठीच काढला आहे. प्रवचन नको. संतवचने रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतातच. (उपनिषद सांगून नियम मी आधीच मोडला. धागा माझा आहे.)

पखवाजी

वास्कोच्या दामोदराचा सप्ताह. श्रावणात चोवीस तास, दिवसरात्र, भजन तुटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावात प्लेग आला, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं आणि तिथून नारळ आणला, तेव्हापासूनची ही प्रथा. संध्याकाळी रस्ते फुललेले असतात, फेरी (जत्रेचा बाजार), खाजे, नामवंत गवई. आमच्या मंडळाच्या वाट्याला मात्र पहाटे तीनची वेळ येते, कारण आमच्यात कुणी नामवंत नाही.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. पावसाळी हवेत ती धड बसत नाही. थोडी काढा, थोडी थापा, बोटाने कडा दाबा, थाप मारून बघा, पुन्हा काढा. त्या रात्री माझं सगळं लक्ष त्या कणकेत. समोर श्रोते म्हणजे खांबाला टेकून घोरणारे दोन म्हातारे आणि एक पोलीस. गजर सुरू झाला, लय चढली आणि मधेच कधीतरी मला ऐकू आलं की पखवाज फार चांगला वाजतोय. मला खरोखर असं वाटलं की कोण बरं वाजवतोय हा. कौतुक वाटलं, पण स्वतःचं नव्हे. मग चार वाजले, पुढचं मंडळ टाळ घेऊन उभंच होतं, आम्ही उठलो.

घरी परतल्यावर? सकाळची पाळी होती बंदरावर. दोन दिवस साहेब ओरडला तरी हसू येत होतं. तिसऱ्या दिवशी मीही ओरडलो.

एक अवांतर. आमच्या घरात भांडण, बाजार, लाड सगळं कोकणीत. अभंगाला बसलो की मराठी. लहानपणी मला वाटायचं, देवाला कोकणी कळत नाही.

अंत्रुजकर

पखवाजी, दोन दिवस म्हणजे पुष्कळ झाले. माझे मंगेशीच्या तळ्याच्या पायऱ्या चढेपर्यंतसुद्धा टिकत नाही.

रात्रपाळी

मी मांडवीतल्या एका कॅसिनोवर पत्ते वाटतो. अध्यात्माचं मला फारसं कळत नाही, पण इच्छा म्हणजे काय ते रोज रात्री हिरव्या कापडावर बघतो. हरलेला माणूस उठत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. जिंकलेलाही उठत नाही. एकाला एका रात्रीत माझ्या वर्षाच्या पगाराहून जास्त मिळाले. त्याचा चेहरा आनंदी होता तो चिप्स पुढ्यात ओढून घेईपर्यंत. दुसऱ्या हाताने तो त्या लावायलाच लागला होता.

पहाटे बोटीतून जेटीवर उतरलो की मी पणजीच्या महालक्ष्मीला जातो. नारळ नाही, ओटी नाही. रात्रभर लोक लक्ष्मी मागताना बघितलेली असते, त्यामुळे तिच्याकडे काही मागायचं जिवावर येतं. नुसता बसतो. पुजारी ओळखतात, तेही काही विचारत नाहीत. त्याला सुख म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. घरी जाऊन पडदे ओढून झोपतो. झोप चांगली लागते, एवढं खरं.

वाळवंटीकाठ

माझे खाणीवर तीन ट्रक होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे थोड्या हलल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजे रद्द केली. डिचोली-सत्तरीत ज्यांचं पोट त्या मातीवर होतं त्यांना या तारखा पोरांच्या वाढदिवसासारख्या पाठ आहेत. एक ट्रक विकला, एक बँकेने नेला, एक अंगणात उभा आहे, त्याच्या हौद्यात आता पावसाचं पाणी साचून डास होतात.

ट्रक बंद पडला म्हणून देव भेटला, असं मला एका प्रवचनकाराने ऐकवलं होतं. मी त्यांना म्हटलं, मग उरलेले हप्ते तुम्ही भरा. रिकामपण आणि वैराग्य यांत फरक आहे. खाण चालू असताना माझ्याकडे पैसा होता, झोप नव्हती. बंद झाल्यावर दोन्ही नव्हतं.

साखळीला विठ्ठलाचं देऊळ आहे, वाळवंटीच्या काठी. एकादशीला जाऊन बसायचो, घरात बसवत नव्हतं म्हणून. तिथल्या मंडळींबरोबर पंढरपूरला पायी निघालो, तेही जवळजवळ ओढून नेल्यासारखा. घाट चढताना पाय असे भरून आले की नाम वगैरे काही नाही, पुढच्याच्या टाचा बघत चालायचं. आता मुद्द्याची गोष्ट. दिंडीत एक जण होता, त्याचेही खाणीवर ट्रक. भरायच्या रांगेत ट्रक घुसवण्यावरून आमची हातघाईवर आलेली. नंतर सात-आठ वर्षं एकाच बाजारात फिरून एकमेकांशी बोललो नव्हतो. मुक्कामाला पोचलो की वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. रांगच असते, तोंडं बघत नाहीत. मी वाकलो, तर पाय त्याचे. तोपर्यंत तो माझ्या पायावर वाकला होता. दोघांची डोकी आपटली, चांगली जोरात. तो "माउली" म्हणाला आणि लगेच आईवरून शिवी दिली. आम्ही दोघंही बसून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खाणीच्या भरभराटीत मला सगळे शेट म्हणायचे, त्या काळात असा हसलो असेन तर आठवत नाही.

परत आल्यावर: हप्ते तेवढेच होते. त्याचं-माझं बोलणं सुरू झालं ते आजही आहे. मागच्या पावसात त्याने मला त्याच्या मेव्हण्याच्या वेअरहाऊसमध्ये कामाला लावलं. हे अध्यात्मात धरायचं की ओळखीत, मला माहीत नाही. मी दोन्हीत धरतो.

वेर्ण्याची सून

काका, माझा छोटासा. औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा. सुरुवातीचे तीन दिवस नुसता श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, मग तासभर हलायचं नाही अशी बैठक असते. गुडघा पेटल्यासारखा दुखत होता. बघत राहिले. दुखणं होतं तिथेच होतं, माझी त्याच्यावरची चिडचिड तेवढी गेली. फार मोठी मोकळीक होती ती.

दहाव्या दिवशी मौन सुटतं. घरी आले, सासूबाई म्हणाल्या, "इतके दिवस गप्प बसायला पैसे लागले का?" (लागत नाहीत, देणगीवर चालतं.) मी उत्तर दिलं. मग त्यांनी दिलं. संपली विपश्यना. पण गुडघ्याची युक्ती अजून उपयोगी पडते, दातांच्या डॉक्टरकडे विशेष.

धोंड

शिरगावच्या लईराई देवीची जत्रा, वैशाख शुद्ध पंचमी. लोकांना होमकुंड तेवढं दिसतं. निखाऱ्यावरून जायला किती वेळ लागतो? नीट कळायच्या आत पलीकडे असतो. खरं आहे ते आधीचे व्रताचे दिवस. घराबाहेर राहायचं, आंघोळ करून सोवळ्यात, जेवण शिवराक (शाकाहारी) आणि तेही आपल्या हातचं. घरी गॅस पेटवायला न येणारे आम्ही बाप्ये तिथे दगडाच्या चुलीवर भात रांधतो. पहिल्या दिवशी खाली लागतो. पंगतीला कोण कुणाचा भाटकार (जमीनमालक) आणि कोण कुणाचा मुंडकार (त्याच्या जमिनीवर राहणारा) ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण वाढप तेवढंच. मला सुख त्या भातात मिळालं, आगीत नाही.

२०२५ च्या जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. मी उतारावर होतो. गळ्यात मोगऱ्याची माळ, हातात वेत, आणि कुणाला तरी उचलताना तो वेत मधे येत होता, टाकवत नव्हता. शेवटी टाकला. अंत्रुजकर काकांनी घरी परतल्यावर काय ते विचारलंय. त्या वर्षी घरी परतल्यावर आंघोळ केली आणि कुणाशी बोललो नाही. बायकोने विचारलं, परत व्रत धरणार का. मी म्हटलं, धरणार. का म्हटलं ते तिलाही सांगता आलं नाही आणि इथेही येणार नाही.

अंत्रुजकर

धोंडबाब, सांगायचं नसलं तर नका सांगू.

तारवट्याची आई

माझा मुलगा बोटीवर असतो. कंत्राट संपून घरी आला की पुन्हा बोलावणं येईपर्यंत जिवाला घोर, आणि गेला की वेगळा घोर. एकदा बोलावणं येईना तेव्हा गावच्या देवळात कौल लावला. देवीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळे तिकडे डोळे लावून बसतात.

मला मात्र आठवतं ते त्याआधीचं गाऱ्हाणं. गुरव खणखणीत आवाजात, चारचौघांत, देवीला सांगत होता: ही तुझी लेक, अमक्या वाड्यावरची, हिचा घोव (नवरा) नाही, हिचा एकुलता झील (मुलगा) दर्यावर, त्याच्या काळजीने हिला रात्रीची झोप नाही. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बहिणीलासुद्धा नाही. त्याला वाड्यावरच्यांकडून कळलं असणार. माझं दुःख दुसऱ्या कुणी मोठ्याने, माझ्या वतीने मांडलं आणि मी नुसती हात जोडून ऐकत उभी. अंगावरून भारा उतरवल्यासारखं झालं. पाकळी कुठे पडली ते मी बघितलंच नाही, शेजारणीने सांगितलं, उजवी.

मुलगा गेला बोटीवर. घोर आहे तसाच आहे. फोनवर तो घरची आठवण काढून रडवेला झाला की मी त्याला आमच्या कुळदेवीचं सांगते. शांतादुर्गा मुळात केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचाने तिला रातोरात कवळ्याला आणली. तिलाही घर सोडावं लागलं बाबा, आणि ती तिथे बसली ती बसलीच. तो म्हणतो, आई, देवीला कंत्राट नव्हतं.

नाव नको

या धाग्यावर थोडं वेगळं लिहिते. मला दोन वर्षं कशातच आनंद वाटत नव्हता. एका सत्संगात जायचे. तिथे सांगायचे, साधना कमी पडते, जप वाढव. वाढवला. जपाबरोबर अपराधीपणही वाढला, की एवढं करूनही मला सुख होत नाही म्हणजे माझ्यातच खोट आहे. शेवटी मावशी बांबोळीला मनोविकार संस्थेत घेऊन गेली. औषधं सुरू झाली. काही आठवड्यांनी सकाळी पोदेराचा भोंगा ऐकू आला आणि पाव घ्यावासा वाटला, तेव्हा कळलं की काहीतरी बदललंय.

आता जप पुन्हा करते, थोडासाच, कारण आवडतो. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाची झोप, भूक, रडणं हाताबाहेर गेलं असेल तर आधी डॉक्टर. देव थांबतो तेवढा.

अंत्रुजकर

हे लिहिल्याबद्दल आभार. धाग्यात सगळ्यात कामाचे हेच आहे असे मला वाटते. आणि माझ्या गणिताला एक दुरुस्ती मिळाली: उपनिषदाने मोजायला सुरुवात केली तीच धडधाकट माणसापासून. ते मी वाचून गेलो होतो, पण थांबलो नव्हतो तिथे.

मांडावरची

मी सत्तरी तालुक्यातली. पौषात आमच्याकडे धालो असतात. रात्री जेवणखाण उरकून बायका मांडावर जमतात, शेणाने सारवलेली जमीन, समोरासमोर दोन रांगा, कमरेत हात, वाकत वाकत पुढे-मागे. आम्हीच गातो, आम्हीच नाचतो, बघे नसतात. शेवटच्या रात्री एखादीच्या अंगात येतं. मला कधी आलेलं नाही, पण माझा हात धरलेली बाई थरथरते तेव्हा तो थरथराट माझ्या कोपरापर्यंत येतो. दिवसभर जिचं तोंड बघायला नको वाटतं, रात्री तिच्याच कमरेला हात असतो.

टिकतं का, असं तुम्ही सगळ्यांना विचारताय. सकाळी आम्ही नळावर पुन्हा भांडतो. पौष संपेपर्यंत रात्री पुन्हा येतोच.

आमची अडचण वेगळी आहे. पोरी कंपनीत पाळीला जातात, रांगेला बायका कमी पडतात. शिवाय कुणीतरी देणगी देऊन मांडावर फरशी घालून दिली, तिच्यावर अनवाणी पाय सटकतात. फरशीच्या कडेने थोडी माती सोडायला पंचायतीला कसा अर्ज करायचा, कुणाला ठाऊक असेल तर तेवढं सांगा.