मदत हवी आहे: कार्डिओ (चालणं-धावणं वगैरे) आणि वेट ट्रेनिंग आठवड्यात कसं बसवू?

नमस्कार. वय ४७, पुण्यात सहकारनगरला राहते. यंदाच्या तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बीपी आणि ईसीजी व्यवस्थित. डॉक्टरांनी व्यायामाला मोकळीक दिली आहे, पण नुसत्या चालण्यावर भागवू नका, वजनंही उचला, असं बजावलंय.

चालायला मला आवडतं, तळजाईच्या टेकडीवर नेहमी जाते. वजनांचं मात्र ओ की ठो कळत नाही. जिममध्ये विचारलं तर ट्रेनर म्हणाला, आधी तीन महिने ट्रेडमिल करा, वजन उतरू दे, मग बघू. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, कार्डिओने स्नायू झडतात, तू फक्त वेट्स कर.

आईला मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत तिला शुगरपेक्षा पायांतली ताकद गेल्याचाच त्रास जास्त झाला. देवापुढे बसली की उठताना एक हात जमिनीवर आणि दुसरा माझ्या खांद्यावर. मला ते टाळायचंय, म्हणून नीट समजून सुरुवात करायची आहे.

सोमवार ते शुक्रवार सकाळी पाऊण तास मिळतो, मग डबे. सुट्टीच्या दिवशी जास्त. घरात २ आणि ४ किलोचे डंबेल आहेत. टेकडी उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो, चढताना नाही. दोन्ही व्यायाम एकाच दिवशी करावेत का? केले तर आधी कोणता?

प्रतिसाद:
ताई, मी फिजिओ आहे. दोन्ही करा आणि आत्तापासूनच करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही तेच सांगतात: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम कार्डिओ, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. मैत्रिणीची भीती बरीचशी हिक्सन या संशोधकाच्या १९८० च्या प्रयोगापासून चालत आली आहे. त्यातली माणसं आठवड्याला पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमछाक करणारं धावणं-सायकलिंग करत होती, शेवटी त्यांची ताकद घटली खरी, तरी सुरुवातीचे बरेच आठवडे ती वाढतच होती. तुमच्या चालण्याने काही झडत नाही.

मंगळवार आणि शुक्रवार वजनं, बाकीचे दिवस भरभर चालणं, एक दिवस आराम. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. एकाच दिवशी दोन्ही करायची वेळ आली तर पाच मिनिटं अंग गरम करून आधी वजनं; पाय थकले की स्क्वॉट (उठाबशा) वेडेवाकडे होतात.

तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा व्यायाम म्हणजे हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली या, धपकन बसू नका. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकसारखं काम करतात. ते कमजोर असले की भार गुडघ्यावर येतो, आणि सावकाश बसण्यात नेमके तेच स्नायू तयार होतात. जोडीला भिंतीवरचे दंड, वाकून डंबेल पोटाकडे ओढणं आणि पाठीवर झोपून कंबर उचलणं. प्रत्येक व्यायाम सलग १० वेळा, असे दोन सेट. त्यातल्या शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. १२ सहज जमले की वजन वाढवा. दुसऱ्या दिवशी अंग दुखेल, ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. गुडघ्याला सूज आली तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद:
यात एक भर. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची शुगर फार चढत नाही. आणि एचबीएवनसी महिन्याभरात पुन्हा करू नका, त्यात साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! मंगळवारपासून सुरू करते. एक विचारायचं राहिलं: आमच्या खुर्च्या बुटक्या आहेत, त्यांवरून हात न टेकता आत्ता उठता येत नाही. बसायला दोन उशा घेतल्या तर चालेल का?

प्रतिसाद:
चालेल, पण उशा घसरतात. पलंगाच्या कडेवर बसा, तो उंच असतो. तिथे १२ जमले की खुर्चीवर या.