मग होबाबाला कशाला विनवलं?
बायबलमधल्या रानातल्या प्रवासात मेघस्तंभ (देवाने वाट दाखवायला दिलेला ढगाचा खांब) पुढे चालत होता म्हणजे इस्राएल लोकांना माणसाच्या डोक्याची गरजच नव्हती, असं कुणी म्हणतं, ते मला अर्धंच पटलं. निघायचं कधी आणि थांबायचं कधी, हे मेघच ठरवत होता, यात वाद नाही. बायबलच्या गणना या पुस्तकात (९:२२) तर दोन दिवस, महिना किंवा वर्षभरही मेघ निवासमंडपावर (देवाच्या उपासनेच्या तंबूवर) राहिला तर लोक तळ हलवत नसत असं आहे. वर्षभर! सामान बांधून बसलेल्यांचं काय झालं असेल!

पण लगेच पुढच्याच अध्यायात (१०:२९-३१) इस्राएलांचा पुढारी मोशे आपल्या सासरच्या नात्यातल्या, मिद्यान देशातल्या होबाबाला सोबत येण्यासाठी विनवतो. तो आधी चक्क नाही म्हणतो, तेव्हा मोशे सांगतो की रानात तळ कुठे द्यायचा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो. डोक्यावर मेघ असताना! मला यात मोशेचा अविश्वास दिसत नाही. मुक्काम मेघाने दाखवला तरी पाणी, चारा, आडोसा बघायला त्या रानाचा माहीतगार लागणारच. आपल्याकडच्या प्रवचनांत मेघस्तंभ हमखास येतो, होबाब मात्र मी एकदाच ऐकलाय.