झाडं, पक्षी, फुलपाखरं ओळखायला नेमाने बघाव्यात अशा साइट्स सांगा

मधुमालती:
नमस्कार मंडळी. सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फिरायला जाते, सुट्टीच्या दिवशी मुलगी पण येते. आठवीत आहे, आणि अलीकडे तिला दिसेल त्या झाडाचं, पक्ष्याचं नाव हवं असतं. फोटोवरून नाव सांगणारं एक अ‍ॅप घेतलं तर ते इथल्या रानफुलाला कुठल्या तरी परदेशी फुलाचं नाव देऊन मोकळं होतं. दोन-तीन ग्रुपवर आहे पण तिथे गुड मॉर्निंगच्या ढिगात कामाचं काही सापडत नाही. तर नुसतं नाव कळलं आणि विसरलं असं नको, नेमाने बघत राहिलं की समज वाढत जाईल अशा साइट्स किंवा ब्लॉग असतील तर सांगा ना. फुकट असेल तर बरं. मराठीत असेल तर फारच छान.

टेकडीकर:
ताई, पक्ष्यांपासून सुरुवात करा, रोज दिसतात आणि लवकर गोडी लागते. मर्लिन नावाचं अ‍ॅप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅबचं, पूर्ण फुकट. आपल्या भागाचा पॅक घरी वायफायवर उतरवून ठेवा, म्हणजे टेकडीवर रेंज नसली तरी अडत नाही. आवाज ऐकून नाव सुचवतं. फक्त कोतवाल आसपास असला की सांभाळून, तो शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करतो, माणसं फसतात तिथे अ‍ॅपचं काय. आवाजावरून नाव आलं तरी पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचा नाही ही सवय मुलीला आत्ताच लावा.

आणि लिहायचं कुठे तर ई-बर्डवर, पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची साइट आहे ती. पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं आणि ओळखले तेवढे सगळे पक्षी नोंदवायचे, कावळे, कबुतरं, साळुंक्या सगळं. कावळा काय लिहायचा म्हणून बरेच जण गाळतात आणि तिथेच घोळ होतो, कारण नेहमीचा पक्षी कमी होतोय का हे अशा पूर्ण याद्यांवरूनच कळतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल आला ना, 942 जातींचा, तो साध्या हौशी लोकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. तुमच्या टेकडीची यादी पण त्यात जाऊ शकते, हे मला फार मोठं वाटतं. बर्ड काउंट इंडियाची साइट मधून मधून वाचत जा, फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना असते त्यात मुलीला नक्की घ्या.

कढीपत्ता:
माझं मत थोडं वेगळं आहे. मुलगी लहान आहे तर फुलपाखरं घ्या, कारण ती घरीच बघता येतात. गॅलरीत लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप ठेवा. पानावर पाखराची शीट पडलीय असं वाटेल, नीट बघितलं तर ती लिंबाच्या फुलपाखराची छोटी अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोट लावलं की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते, वास पण सोडते, मुलं बघतच राहतात. मग 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' ही साइट उघडायची. प्रत्येक जातीचं पान आहे, अंड्यापासून कोषापर्यंतचे फोटो, अळी कुठली झाडं खाते त्याची माहिती, कुठल्या महिन्यात कुठे दिसलं ते सगळं, आणि नोंदी तज्ज्ञ तपासतात म्हणून भरवसा ठेवता येतो. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, 2015 मध्ये जाहीर झालं, त्याच्या अळ्या पण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात, ते पान आधी काढा. याच मंडळींच्या पतंगांच्या, चतुरांच्या आणि सिकाड्यांच्या (झाडावर कर्कश किर्र करतात ते किडे) पण वेगळ्या साइट्स आहेत.

रानहळद:
फुलांसाठी 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया'. रंगावरून शोधता येतं आणि बऱ्याच फुलांची मराठी नावं दिलेली असतात. आणखी खोलात जायचं असेल तर थिओडोर कुकचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा जुना ग्रंथ, 1901 ते 1908 मध्ये आलेला, स्कॅन करून फुकट ठेवलाय, भाषा जड आहे पण अजून संदर्भाला कामी येतो.

आय-नॅचरलिस्ट ही साइट पण चांगली आहे, फोटो टाकला की जगभरचे जाणकार नाव दुरुस्त करतात आणि ती चर्चा वाचण्यातूनच खरं शिक्षण होतं. पण घराजवळचे फोटो टाकताना नेमकी जागा लपवायची सेटिंग लावा, मुलीचं खातं असेल तर नक्कीच. धोक्यातल्या जातींची जागा ते आपणहून अंधुक करतात. तरी घुबडाचं घरटं, दुर्मिळ आमरी (ऑर्किड) वगैरे असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, जागा कुठेच लिहू नका, लोक उपटून नेतात हो.

मधुमालती:
बापरे केवढं सांगितलंत, खूप खूप आभार! कढीपत्ता आहेच घरी, आजच पानं उलटून बघते. मराठीत काही नाही का पण? इंग्रजी वाचून ती कंटाळते.

टेकडीकर:
आहे की. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे आणि त्यातला कुमार विश्वकोश तर तिच्याच वयासाठी, जीवसृष्टी आणि पर्यावरण असा भागच आहे. बाहेर जे दिसलं त्याची नोंद घरी येऊन तिथे वाचायची. नोंदी छोट्या आहेत, भाषा सरळ आहे, वड, पिंपळ, पळस असली ओळखीची झाडं आधी घ्या.

रानहळद:
आणि एक राहिलंच, सीझनवॉच. आपलं एक झाड ठरवायचं आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं किती आहेत एवढंच नोंदवायचं. नावांच्या मागे धावण्यापेक्षा मुलांसाठी मला हे जास्त मोलाचं वाटतं, एका पळसाकडे वर्षभर बघितलं की ऋतू कळायला लागतात.

गिरगावकर:
मुंबईला कधी आलात तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाबरोबर फिरून या. 2017 पासून ही मंडळी किनाऱ्यावर फिरायला नेतात, खडकांच्या डबक्यात समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), खेकडे, कधी ऑक्टोपस पण बघायला मिळतो. ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त आत जातं, आणि पायात पकड असलेले बूट हवेत, शेवाळावरून फार घसरतं.