घटस्फोटाचा अर्ज दाखल झालाय, आता दोघांना नांदायचंय. कोणती केस कधी मागे घ्यायची?

कृष्णाकाठ:
मावसबहिणीचं प्रकरण आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज, दाखल होऊन चार महिने झाले. ठरलेल्या १२ लाखांपैकी ५ लाख तिच्या खात्यात आलेत. त्याआधी साताऱ्यात तिने केलेला घरगुती हिंसाचाराचा अर्ज, त्यात दरमहा ८,००० अंतरिम पोटगी, सात महिन्यांची थकलेली. शिवाय साताऱ्यातच ४९८अ चा (नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाचा) गुन्हा. नवरा, सासू, नणंद आरोपी, दोषारोपपत्र दाखल.

आता दोघांनी पुन्हा एकत्र राहायचं ठरवलंय. सासरचे म्हणतात, आधी सगळ्या केसेस काढ, मग ये. माहेरचे म्हणतात, आधी सहा महिने नांदून बघ, मग काढ. जावई म्हणतात, तारखेला कुणी गेलंच नाही की आपोआप निकाली निघेल. कुणाचं ऐकायचं?

रोजनामा:
जावयांचं अर्धंच बरोबर आहे, आणि तेही फक्त १३ब पुरतं. त्या अर्जात सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा मागणी करावी लागते. ती केली नाही तर हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होत नाही. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही एकटा संमती काढून घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेश्ता देवी निकालात सांगितलंय. पण सहा महिन्यांची मुदत माफ करण्याचा अर्ज आधीच दिलाय का ते बघा. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून ती माफ होऊ शकते.

वाट बघत बसण्यापेक्षा संयुक्त पुरसीस (दोघांच्या सहीचं कोर्टाला लेखी निवेदन) द्या. मजकूर चार ओळींचा: अर्ज क्रमांक, "आमच्यात समेट झाला असून आम्ही एकत्र राहण्याचे ठरवले आहे, सबब अर्ज मागे घेत आहोत", मूळ कागद (विवाह नोंदणीचा दाखला वगैरे) परत मिळण्याची विनंती, दोघांच्या आणि वकिलांच्या सह्या. तारीख लांब असेल तर केस बोर्डावर (म्हणजे तारखेआधीच सुनावणीला) घेण्याचा अर्ज सोबत जोडा. दोघांनी ओळखपत्र घेऊन हजर राहा, न्यायाधीश बहुधा दोन प्रश्न विचारतात. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकून निकाली दिसतंय का ते तपासा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: एकतर्फी दाखल केलेल्या दाव्यात (कलम १३) "मी केस काढून घेतोय, तू तारखेला येऊ नकोस" यावर अजिबात विसंबू नका. मागे घेतल्याचा आदेश स्वतः वाचेपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहायचं. गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होतो आणि तो रद्द करून घ्यायला मुदत जेमतेम ३० दिवसांची. आपण त्याच केसमध्ये प्रतिदावा (आपली उलट मागणी) केला असेल तर समोरच्याने त्याचा अर्ज काढला तरी आपला प्रतिदावा चालूच राहतो, तो वेगळा काढावा लागतो.

वकीलकाकू:
सासर आणि माहेर दोघांचंही एकदम ऐकू नका. तिन्ही प्रकरणांचा स्वभाव वेगळा आहे.

१३ब आत्ताच काढा. त्यात कुणाचं काही जात नाही, पुढे गरज पडलीच तर नवा अर्ज करता येतो. फक्त एक लक्षात ठेवा: संमतीच्या अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकत्र राहायला लागल्यावर जुना काळ धरत नाहीत, वर्ष नव्याने मोजायचं.

घरगुती हिंसाचाराचा अर्ज लगेच काढू नका. समेटाची बोलणी चालू आहेत असं सांगून तारखा घ्या. थकलेले ५६,००० आधी तिच्या खात्यात किंवा कोर्टात भरून घ्या. ते तिने सोडायचे ठरवले तर तसं तिच्या सहीने लिहा, "सगळं मिटलं" या दोन शब्दांत गुंडाळू नका. तीन-चार महिने नीट गेले की पुरसीस देऊन हा अर्ज काढा.

४९८अ सगळ्यात शेवटी. एकदा रद्द झालेला गुन्हा पुन्हा उभा राहत नाही.

कुठल्याही कागदावर "मी रागाच्या भरात खोटी तक्रार केली होती" असं तिच्याकडून लिहून घेऊ देऊ नका. समेटाच्या गडबडीत हे वाक्य हमखास घुसवलं जातं. पुन्हा त्रास सुरू झाला तर पहिला पुरावा म्हणून तेच तिच्यासमोर ठेवतात. "गैरसमज दूर झाले, तक्रार पुढे चालवायची नाही" एवढं पुरतं.

कृष्णाकाठ:
दोन शंका. ती नांदायला गेली तर जुना छळ तिने माफ केला असं धरतात का? आणि कोर्टातल्या समुपदेशकांसमोर बोललेलं पुढे कुणी वापरू शकतं का?

समुपदेशन_कक्ष:
दुसरं आधी. समुपदेशकांसमोरचं बोलणं गोपनीय असतं. न्यायाधीशांकडे समेट झाला की नाही एवढाच अहवाल जातो, कोण काय म्हणालं ते जात नाही. म्हणून तिथे मोकळेपणी बोलावं. फोनवर चोरून रेकॉर्डिंग मात्र करू नका, ते कळलं की बोलणी तिथेच मोडतात.

माफीचं म्हणाल तर, हो, धरतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये क्षमापनाची तरतूद आहे. पुण्यातल्याच दास्ताने विरुद्ध दास्ताने प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितलं की क्रूरतेनंतरही पती-पत्नी म्हणून एकत्र राहणं ही माफी ठरते, पण ती सशर्त असते. पुन्हा तसंच वागणं झालं तर जुनी तक्रार जिवंत होऊ शकते. नांदायला गेल्याने सगळे हक्क बुडाले असं होत नाही, पण नुसत्या जुन्या घटनांवर घटस्फोट मागणं अवघड होतं.

म्हणून समेटाच्या अटी लेखी हव्यात, आणि मोजता येतील अशा. "नीट वागेन", "सासूसासऱ्यांचा मान ठेवेन" यांचा उपयोग शून्य. "दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत घरखर्चाचे २०,००० पत्नीच्या खात्यात", "पहिलं वर्ष वेगळ्या भाड्याच्या घरात, करार दोघांच्या नावावर", "दागिने पत्नीच्या नावावरच्या लॉकरमध्ये, यादी सोबत जोडली आहे", "मतभेद झाल्यास आधी अमुक दोन नातेवाईकांसमोर बैठक" हे लिहा. मिळालेल्या ५ लाखांचं काय, तेही यातच. माझ्या मते ते तिच्याच नावावर ठेवीत राहू द्यावेत. परत मागण्यावरूनच पहिलं भांडण पेटतं.

बायकोने नोकरी सोडण्याची किंवा माहेरी बोलणं बंद करण्याची अट असलेल्या कागदावर सही करू नये. असा समेट टिकलेला क्वचितच दिसतो.

मुद्रांक:
संमतीच्या अटींप्रमाणे घर एकमेकांच्या नावावर केलं असेल तर अर्ज मागे घेतल्याने ते परत फिरत नाही. नोंदणीकृत दस्त नवाच करावा लागतो. महाराष्ट्रात निवासी घर नवरा-बायकोत बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळा. विमा, भविष्य निर्वाह निधी, बँक यांतलं वारसाचं नामांकन वादाच्या काळात बहुतेकांनी बदललेलं असतं, तेही बघून घ्या.

रोजनामा:
४९८अ बद्दल राहिलं. भरोसा सेलमध्ये (पोलिसांच्या कौटुंबिक तक्रार कक्षात) नुसता तक्रारअर्ज असता तर तिच्या लेखी जबाबावर फाईल बंद झाली असती. गुन्हा दाखल झाल्यावर तिला तो "मागे" घेता येत नाही, पोलिसांनाही नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रद्द करण्याची याचिका, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८. गुन्हा साताऱ्याचा असल्याने मुंबईला हेलपाटा नको. ऑगस्ट २०२५ पासून सातारा जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. लागणारं: प्राथमिक माहिती अहवाल आणि दोषारोपपत्राच्या नकला, समेटाच्या अटी, तिचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. ती स्वखुशीने आली आहे ना, हे न्यायालय तिला विचारतं. तिघाही आरोपींना अर्जदार करा. नणंद लग्न होऊन दुसऱ्या गावी असते म्हणून तिची सही राहते, आणि मग तिच्यापुरता खटला चालूच राहतो.

आदेश हातात येईपर्यंत साताऱ्यातल्या तारखा चुकवू नका. जमत नसेल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्या. नाहीतर घरात समेट झालेला असताना नवऱ्याच्या नावाने वॉरंट निघतं.