‘डार्क साइड ऑफ द मून’ घरी रेकॉर्ड करायचाय, पैसे आधी कशात घालावेत?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं आहोत: गिटार, बेस, ड्रम्स, की-बोर्ड. पिंक फ्लॉइडचा 1973 चा हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून रेकॉर्ड करायचाय, फक्त आमच्यासाठी. सध्या स्क्वायरची स्ट्रॅट (इलेक्ट्रिक गिटार), एक छोटा अँप, वाहवाह आणि फझ (आवाज फाडणारं) पेडल, 61 पट्ट्यांचा की-बोर्ड आणि दोनच माइक घेणारा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) एवढं आहे. वर्गणी काढून 60,000 जमलेत. गिटारवाला म्हणतो सगळे पैसे अमेरिकन फेंडर गिटारमध्ये घालू, की-बोर्डवाल्याला सिंथ हवाय. मुळात काय वापरलं होतं आणि त्यातलं खरंच काय लागतं? जाणकारांनी सांगावं.

तारसप्तक:
गिटार अजिबात बदलू नका. पिंक फ्लॉइडचा गिटारवाला गिल्मर, त्याची ती काळी स्ट्रॅट 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मॅनीज’मधून घेतलेली, दुकानात मिळणारी गिटार होती. 2019 च्या लिलावात तिला जवळपास 40 लाख डॉलर आले, पण ते पुढे जे घडलं त्याचे.

पैसे एकोत घाला. त्यांच्याकडे बिन्सन एकोरेक हे इटालियन यंत्र होतं. त्यात टेप नसते. आत एक चुंबकीय चकती फिरते, तिच्याभोवती रेकॉर्डिंगचं हेड आणि चार प्लेबॅक हेड्स. कोणती हेड्स चालू ठेवायची ते नॉबने ठरवायचं, म्हणून परत येणारा आवाज एकसुरी न वाटता ठेक्यात येतो. सर्वात लांबच्या हेडचा उशीर साधारण 300 मिलीसेकंद. ‘टाइम’ या गाण्यातला सोलो हेडफोन लावून ऐका: फझ फेस, मग बिन्सन, मग 100 वॅटचा हायवॉट अँप. क्रम हाच ठेवा. एको आधी आणि फझ नंतर लावलंत तर सगळा चिखल होतो.

कॅटलिनब्रेडचं एकोरेक पेडल किंवा तसाच आवाज देणारं बूनार पेडल सेकंडहँड मिळालं तर सोडू नका. नाहीच मिळालं तर साध्या डिजिटल डिलेवर 300 मिलीसेकंद ठेवून परत येणाऱ्या आवाजाचा ट्रेबल उतरवा, बरंच जवळ जाता येतं.

‘मनी’च्या सोलोत मात्र जपून. त्याचे तीन भाग आहेत आणि मधला पूर्ण कोरडा आहे, एको नाही, एकटी गिटार. तिथे एको चालू राहिला तर तिसऱ्या भागाची मजाच जाते. शेवटचे उंच सूर गिल्मरने 24 पडद्यांच्या लुईस गिटारवर घेतलेत. तुमच्या स्ट्रॅटवर ते पडदेच नाहीत, तार खेचूनच गाठावे लागतील.

गंगापूररोडकर:
दादा, मनापासून आभार. ‘अस अँड देम’मध्ये एकेक शब्द घुमत राहतो, तोही बिन्सनच का?

तारसप्तक:
नाही, इतका लांब उशीर बिन्सनला झेपत नाही. तो टेप मशीनवर केलाय. तुम्ही सॉफ्टवेअरमधला डिले वापरा, त्यासाठी एक रुपया घालवू नका.

रीळवाली:
एकोबद्दल तारसप्तकांशी सहमत. पण काम कसं झालं तेही बघा, त्यात पैसे वाचतात. 1972 च्या जानेवारीपासून ते हे सगळं कार्यक्रमांत वाजवत होते, अ‍ॅबी रोड या लंडनच्या स्टुडिओत शिरले उन्हाळ्याच्या तोंडाशी. तिथे इएमआयचं टीजी कन्सोल, 16 ट्रॅकचं स्टुडर, दोन इंची टेप, आणि अभियंता अ‍ॅलन पार्सन्स. ट्रॅक भरले की मिक्स दुसऱ्या रिळावर उतरवून जागा करायची. म्हणजे ड्रम्स किती पुढे ठेवायचे हे त्याच दिवशी ठरायचं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शंभर ट्रॅक उघडता येतात, तरी तुम्ही 16 वर थांबा. निर्णय पटापट होतात.

‘मनी’च्या सुरुवातीचा लूप विकत आणू नका, स्वतः करा. बेस वाजवणाऱ्या वॉटर्सने बायकोच्या मातीकामाच्या मोठ्या भांड्यात नाणी टाकून आवाज घेतले होते. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र, असे टेपचे सात तुकडे पट्टीने मोजून एकाच लांबीचे कापले, चिकटवून घेर केला आणि तो माइकच्या स्टँडभोवती फिरवला. गाण्याचे सात ठोके हेच. घरची परात आणि मोबाइल पुरेल. फक्त नाणं पडल्याचा आवाज किंचित आधी सुरू होतो, तो सॉफ्टवेअरच्या ठोक्यांच्या ग्रिडवर आपोआप बसवू नका, कानाने सरकवा.

ठेकेदार:
कुणीच ड्रम्सबद्दल बोललं नाही! तुमची खरी अडचण दोन माइकचा इंटरफेस आहे. सेकंडहँड स्कारलेट 18आय20 बघा आणि एक शुअर एसएम57 घ्या. ‘टाइम’च्या सुरुवातीला त्यांचा ड्रमर निक मेसन रोटोटॉम्स (फिरवून सूर बदलता येणारे छोटे ड्रम्स) वाजवतो, ते स्टुडिओत होतेच म्हणून वापरले. विकत घेऊ नका, भाड्याने बघा. हृदयाचे ठोके म्हणजे बास ड्रमच, मऊ गुंडाळलेल्या बीटरने.

तारसप्तक:
ठेकेदार, दोन माइकही पुरतात. एक किकला, एक वर. मेसनचं वाजवणं मोकळं आहे, गर्दी नाही.

ठेकेदार:
चौघं एकत्र वाजवणार असतील तर नाही पुरत. मी माझ्या मतावर ठाम.

पांढरीपाच:
की-बोर्डवाल्याला सांगा, सिंथ नको. ‘ऑन द रन’ ईएमएसच्या सिंथी एकेएस या सिंथवर आहे: आठ सुरांची ओळ सिक्वेन्सरमध्ये भरून वेग वाढवला. हे अर्टुरियाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. ‘मनी’त त्यांच्या की-बोर्डवाल्या राइटने वुर्लित्झर इलेक्ट्रिक पियानो वाहवाहमधून काढलाय, आणि ते पेडल तुमच्याकडे आहेच. की-बोर्डचा व्हॉल्यूम बराच उतरवून जोडा, नाहीतर आवाज फाटतो.

‘ब्रीद’मधला सरकता सूर स्टील गिटारचा आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत जुनी हवाईयन गिटार माळ्यावर असते, नातेवाइकांत विचारा. आणि ‘ग्रेट गिग’ या गाण्यासाठी चांगली गायिका शोधा. क्लेअर टोरीला त्या रविवारी शब्द दिलेच नव्हते, 30 पौंड मानधनावर तिने ते गायलं. पुढे हक्कासाठी दावा लावावा लागला, 2005 मध्ये तिचं नाव रचनाकारांत आलं. तुमच्या गायिकेचं नाव सुरुवातीपासून बरोबरीने लिहा.

गंगापूररोडकर:
सगळ्यांचे आभार. अमेरिकन स्ट्रॅट रद्द! आधी एको पेडल, मग सेकंडहँड इंटरफेस आणि एक माइक. आत्याकडे हवाईयन गिटार आहे, विचारतो. नाशिक-पुण्यात रोटोटॉम्स भाड्याने मिळत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.