गावठाणात तळमजला + २ बांधायचंय, उंचीत टाकी धरतात का?

धाब्यावरचा:
राम राम मंडळी. आमचं गाव जळगाव विमानतळापासून पाचेक किलोमीटरवर. आजोबांचं धाब्याचं घर आहे, सागाचे खांब, वर मातीचा थर. दोन पावसाळे झाले, गळतंय. जागा गावठाणात, १४०० चौरस फूट. आम्ही दोघे भाऊ, म्हणून तळमजला आणि वर दोन मजले. आईला गच्ची हवीच. बिबडे वाळवायचे कुठे आणि मे महिन्यात झोपायचं कुठे, हा तिचा प्रश्न. गच्चीवर जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी येईल. मिस्त्री म्हणतो, गावठाणात उंचीला कोण विचारतं! पण कर्ज काढतोय आणि आयुष्यात एकदाच बांधणार, कागद पक्का हवा. टाकी धरून उंची मोजतात का?

नकाशेवाला_धुळे:
भाऊ, मिस्त्रीचं ऐकू नका. डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियमावली गावांनाही लागू आहे. तुमची जागा १६०० फुटांच्या आत आहे, त्यामुळे नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. मालकीचा कागद, मोजणी नकाशा, इमारतीचा नकाशा, तो नियमावलीप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि विकास शुल्काची पावती ग्रामपंचायतीत द्या. पोच घ्यायला विसरू नका, बँक तीच मागते.

आता टाकी. या नियमावलीत टाकी आणि जिन्याची खोली उंचीत धरत नाहीत. विमानतळाजवळच्या उंचीच्या मर्यादेचा हिशोब मात्र वेगळा. तिथे २०१५ ची केंद्राची अधिसूचना चालते. तिच्यात टाकी, अँटेना, जे सर्वात वर असेल त्याचं टोक धरतात, आणि तेही समुद्रसपाटीपासून. म्हणजे तुमची जागा चढावर असेल तर तेवढी उंची कमी मिळते. गाव धावपट्टीच्या सरळ रेषेत असेल तर आणखी जपून. विमानतळ प्राधिकरणाच्या नोकॅस पोर्टलवर उंचीच्या ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज करतात. जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घ्यावी लागते. नकाशात टाकीच्या टोकापर्यंतचं माप आधीच लिहा. मी हे प्रत्येकाला सांगतो, कारण टाकी नंतर सुचते आणि अर्ज पुन्हा करावा लागतो.

निवृत्त_वायरमन:
गल्लीतून ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) लाईन जाते का ते बघा. तारेपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं, घरावरून जात असेल तर उभं ३.७ मीटर. वाऱ्याने तार झुलते, तेव्हाचंही अंतर एवढंच हवं. वरच्या मजल्याची सळई उभी करताना माणूस गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. लाईन जवळ असेल तर काम सुरू करण्याआधी वीज कंपनीकडे ती हलवण्याचा अर्ज द्या.

धाब्यावरचा:
लाईन आहे, आमच्याच कोपऱ्यावर खांब आहे! उद्या टेप घेऊन मोजतो. आणि बाल्कनी पुढे काढायची होती, ती आता मागच्या बाजूला घेईन.