घरी केलेलं फिनाईल, लिक्विड, पावडर खरंच स्वस्त पडतं का? (हिशोबासकट सांगा)

रानजाई
नमस्कार मंडळी. परवा महिन्याच्या किराण्याची पावती घेऊन बसले आणि नुसत्या साफसफाईच्या सामानाची बेरीज केली. कपड्यांची पावडर 310, भांड्यांचं लिक्विड 155, फरशीचं 190, संडासाचं 105, काचेचा स्प्रे 110. झाले 870 रुपये! वर्षाचे दहा हजारांच्या वर जातात. नणंद म्हणते, सगळं घरी कर, फुकटात होतं. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण त्यात पैशांचा हिशोब कुणीच देत नाही.

आम्ही चिंचवडला, घरात चौघं. बोअरचं पाणी, चांगलंच जड. ओटा ग्रॅनाइटचा, गॅलरीत शहाबादी फरशी, देवघर संगमरवरी. भांड्यांना मावशी आहेत. ज्यांनी निदान वर्षभर हे केलंय त्यांनीच सांगा, प्लीज. काय परवडतं आणि काय विकतच आणावं?

हिशोबवही
रानजाई, मी पावणेदोन वर्षं करतेय आणि पै न् पै लिहून ठेवलीय.

सगळ्यात जास्त पैसे वाचले ते फरशीच्या लिक्विडमध्ये. मी बायो-एन्झाइम करते, म्हणजे फळांच्या साली आणि गूळ घालून आंबवलेलं पाणी. प्रमाण अगदी साधं: 1 भाग गूळ, 3 भाग लिंबू-मोसंबी-संत्र्याच्या साली, 10 भाग पाणी. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, 1 लिटर पाणी. साली मी कोपऱ्यावरच्या रसवाल्या दादांकडून आणते, ते आनंदाने देतात. गूळ 60 रुपये किलोने धरला तर एका घाण्याला 6 रुपये. तीन महिने मुरतं. मी दर महिन्याला दीड लिटरचा घाणा लावते, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरा तयार असतो. अर्ध्या बादलीला पाऊण वाटी घालते, महिन्याला दीड लिटर लागतं, म्हणजे 9 रुपये. तुझ्या 190 च्या जागी 9.

पण एक लक्षात ठेव. बाटली प्लास्टिकचीच घ्यायची, वर चांगली चार बोटं जागा सोडायची आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस काढायचा. मी पहिल्यांदा काचेच्या बरणीत केलं आणि चार दिवस गावाला गेले. परत आले तर माळ्यावर बरणीच्या ठिकऱ्या, भिंतीवरून गुळाचे ओघळ आणि मुंग्यांची रांग थेट देवघरापर्यंत. त्या वेळी खाली कुणी उभं असतं तर, या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो.

भांड्यांसाठी रिठा केला. 100 ग्रॅम रिठे (मला 20 रुपयांना पडले) बिया काढून रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळायचे, कुस्करून गाळायचे. लिटरभर पाणी निघतं, बारा दिवस पुरतं. महिन्याला 50 रुपये, वर गॅस आणि माझा तासभर. चहाची, वरण-भाताची भांडी लख्ख निघतात. पण पुरणपोळीचा तवा, भजीची कढई? अजिबात नाही. उन्हाळ्यात तीन दिवसांत वास येतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. सहा महिने केलं आणि सोडलं. आता भांड्यांना साधी वडी आणते, ती लिक्विडपेक्षा स्वस्तच पडते.

रसायनमास्तर
मी तेहेतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून राहवत नाही.

रानजाई, तुमचं संगमरवर आणि शहाबादी ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटची. लिंबू, व्हिनेगर, बायो-एन्झाइम ही सगळी आम्लं. आम्ल पडलं की दगडाचा वरचा थर विरघळतो, पॉलिश जातं आणि पांढुरके डाग पडतात. ते घासून निघत नाहीत, पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं. मग वाचवलेले सगळे पैसे एका दिवसात गेलेच म्हणून समजा. देवघर नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. ग्रॅनाइटच्या ओट्याला आणि घरातल्या टाइल्सना सहसा काही होत नाही.

दुसरं, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरून ठेवायचा जो प्रकार चालतो, त्यात फेस सुंदर येतो, पण दोघं एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे सोडियम ॲसिटेटचं पाणी उरतं. त्याने काही साफ होत नाही. सोडा वेगळा वापरा, व्हिनेगर वेगळं.

तिसरं हात जोडून सांगतो. संडासाच्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही, थोडंसुद्धा मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेततं. संडासाचं लिक्विड विकतचंच ठेवा, घरचं आंबवलेलं पाणी त्याची जागा घेत नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील तर तिथेही ब्लीचच वापरा, एकटं, पाण्यात घालून, खिडकी उघडी ठेवून.

रानजाई
मास्तर, बरं झालं वेळेवर सांगितलंत. देवघरापासूनच सुरुवात करणार होते! नळांवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर क्षारांचे पांढरे थर बसलेत, त्याला काय करू? आणि पावडरीचं काय? साबण किसून, धुण्याचा सोडा घालून करतात ती?

रसायनमास्तर
थरांसाठी व्हिनेगरच्या बाटल्या आणू नका, महाग पडतं. केकच्या सामानाच्या दुकानात सायट्रिक ॲसिड सुटं मिळतं. दोन चमचे लिटरभर कोमट पाण्यात घाला, फडकं भिजवून नळाला पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा. टाइल्सच्या सांध्यांत सिमेंट असतं, तेही आम्लाने झिजतं, म्हणून सांधे आधी साध्या पाण्याने भिजवा आणि नंतर भरपूर पाणी ओता.

पावडर मात्र करू नका. साबणाचा आणि जड पाण्याचा संयोग झाला की मळी तयार होते, ती धाग्यांत बसते. चार-सहा धुण्यांत पांढरे कपडे राखाडी दिसायला लागतात, मशिनच्या आतही थर बसतो. डिटर्जंटला हा त्रास फार कमी. बोअरचं पाणी असताना किसलेल्या साबणाची पावडर म्हणजे कपड्यांचं नुकसान.

हिशोबवही
+1. माझ्या मुलाचे शाळेचे दोन शर्ट असेच गेले. आता पावडर विकतचीच आणते, पण मशिनला मापाचा अर्धाच चमचा घालते. रोजच्या घामाच्या कपड्यांना तेवढी पुरते. दोन किलोची पिशवी महिन्याऐवजी सात आठवडे जाते. काही न करता झालेली बचत हीच.

देवराई
आम्ही रत्नागिरीकडचे. तांब्या-पितळेला पावडर आणायची गरजच नाही. सरबत करून उरलेली आमसुलं किंवा चिंचेचा चोथा आणि मीठ, हाताने चोळलं की तांब्याचा हंडा नव्यासारखा होतो. लगेच धुऊन कोरडा पुसायचा, ओला ठेवला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काळवंडतो. कल्हईच्या भांड्याला आतून हे लावू नये, कल्हई जाते. काचांना पाणी, त्यात लिक्विडचा एक थेंब आणि जुना पेपर. स्प्रेचे 110 रुपये उद्यापासून बंद करा.

पाचघरं
कोल्हापूर. आम्ही एकाच बिल्डिंगमधली पाच घरं मिळून पांढरं फिनाईल करतो. कॉन्सन्ट्रेट (फिनाईलचा दाट अर्क) 1 लिटर 350 ला मिळालं, त्यात 19 लिटर पाणी. लिटरला साडेसतरा रुपये पडतात, घरटी चार लिटर. पाणी ढवळत ढवळत कॉन्सन्ट्रेट हळूहळू सोडायचं. पहिल्यांदा बोअरचं पाणी घेतलं तर फाटलं, ताकासारखं पाणी वेगळं झालं. आता फिल्टरचं घेतो. एकट्या घराने 20 लिटर करून ठेवू नये, जागाही जाते आणि पडूनही राहतं. पुण्यात बोहरी आळीत चौकशी करा.

ॲसिड स्लरी (डिटर्जंट करायचं तीव्र आम्ल) आणि कॉस्टिक सोडा (कातडी भाजणारा तीव्र क्षार) आणून भांड्यांचं लिक्विड करायचं म्हणाल तर लहान मुलांच्या घरात नको. आमच्यातल्या एका वहिनींच्या मनगटावर कॉस्टिकचा शिंतोडा उडाला, डाग अजून आहे.

हिशोबवही
रानजाई, एक राहिलंच. रिठा बंद करायचं खरं कारण आमच्या मावशी होत्या. फेस कमी येतो म्हणून त्या दुप्पट घासायच्या. मला बोलल्या नाहीत, एक दिवस मीच त्यांचे तळवे बघितले. भेगा पडल्या होत्या. आपले शंभर रुपये वाचवायला त्यांच्या हातांवर ओझं का? तू काहीही बदललंस तर आधी त्यांना विचार.

रानजाई
विचारलं आज. म्हणाल्या, "ताई, वडी चालंल, पण घासणी चांगली आणा." वडी आणि घासणी दोन्ही आणली.

दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत बायो-एन्झाइम घातलंय, वर तारीख चिकटवलीय आणि माळ्याऐवजी जमिनीवर ठेवलंय. सायट्रिक ॲसिडने बेसिनचा नळ लख्ख निघाला, त्यात तोंड दिसतंय! पावडर आणि संडासाचं लिक्विड विकतचंच. स्प्रे बंद. समोरच्या वहिनींना फिनाईलचं विचारलंय, तीन घरं तयार आहेत. पाचघरं, फिल्टरचं पाणी म्हणजे आरओचं का? आमच्याकडे साधा कँडलचा फिल्टर आहे.

पाचघरं
आरओचंच. कँडलने क्षार जात नाहीत. नाहीतर पावसाचं पाणी धरा, जूनमध्ये आम्ही तेच वापरतो.